तोंड दाबून बुक्क्यांचा मार

शेजारच्या घरात चोर शिरला अशी हाक मध्यरात्री उठली, तर आमच्या शहरांतील कोणतीही आळी पाच मिनिटांत जागी होते. कोणी काठी घेऊन धावतो, कोणी दिवे लावतो, कोणी पोलिसांस वर्दी देतो. आणि दुसऱ्या दिवशी आपण किती लवकर धावून गेलो, हे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच घरातून, त्याच घटकेस, एखाद्या स्त्रीची किंकाळी ऐकू आली, तर तीच आळी मुकाट्याने खिडक्या लावून घेते. ‘घरची गोष्ट आहे, आपण मध्ये कशाला पडा?’ एवढे एक वाक्य उच्चारले की, चांगल्या चांगल्या सद्‌गृहस्थांच्या विवेकबुद्धीस गाढ झोप लागते. पितळेची चार भांडी चोरीस जाणे ही सर्व आळीची बाब, आणि जिवंत माणसाची हाडे मोडणे ही मात्र एका कुटुंबाची खासगी बाब, हा न्याय आमच्या समाजाने कोठून पैदा केला, ह्याचा शांतपणे विचार करावा, म्हणून आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

प्रथम हे दुखणे केवढे आहे, ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 ह्या काळात झाली. अठरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा 29 स्त्रियांनी नवऱ्याकडून केव्हा ना केव्हा छळ सोसल्याचे तीत सांगितले. आपला महाराष्ट्र सुधारणेत पुढे असल्याची आम्हांस मोठी घमेंड. परंतु येथील प्रमाणही शेकडा 25 भरले. म्हणजे चार स्त्रियांत एक! आपल्या चाळीतील, आपल्या वाड्यातील, आपल्या पेठेतील बिऱ्हाडे वाचकांनी ह्या हिशेबाने मोजून पाहावीत. आणि हा आकडा तरी केवळ ज्यांनी तोंड उघडले त्यांचा. त्याच सर्वेक्षणाने दुसरी एक गोष्ट नोंदविली आहे, ती आमच्या मते पहिलीहून अधिक भयंकर आहे. शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी 77 स्त्रियांनी कोणाचीही मदत मागितली नाही, इतकेच नव्हे, तर ती गोष्ट कोणापाशी बोलूनही दाखविली नाही. ज्यांनी मदत मागितली, त्या शंभरांत अवघ्या 14. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण आपण थट्टेने वापरतो. येथे ती अक्षरशः खरी झालेली आहे.

हे मौन का, ह्याचेही उत्तर त्याच पाहणीत सापडते. काही ठरावीक कारणे पुढे ठेवून, ह्यांपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्याने बायकोस मारणे योग्य आहे काय, असा प्रश्न स्त्रीपुरुषांस विचारला होता. त्यास ‘होय’ म्हणणारे पुरुष शेकडा 44 निघाले, आणि स्त्रिया शेकडा 45. जिला मारले जाते, तिच्याच मनावर हे बिंबविले गेले आहे की, मारणारास मारण्याचा अधिकार आहे. मग तिने दाद मागावी कोणाकडे? माहेरी गेली तर आई म्हणते, ‘आम्ही नाही का सोसले?’ सासरी राहिली तर सासू म्हणते, ‘तुझ्याच जिभेला हाड नाही.’ आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तिची अवस्था होते; आणि त्या अवस्थेस आम्ही ‘संसार’ हे गोड नाव देऊन मोकळे होतो.

आता छळ म्हणजे काय, ह्याविषयीही आमच्या सुशिक्षित वर्गात फार घोटाळा आहे. ‘मी बायकोवर हात उगारीत नाही’ एवढ्यावरच कित्येक गृहस्थ आपणांस निर्दोष समजतात. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा जो कायदा आपल्या संसदेने 2005 साली केला, आणि जो 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला, त्याने ही समजूत मोडून काढली आहे. त्यात छळाचे चार प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, लैंगिक, वाचिक व मानसिक, आणि आर्थिक. मूल होत नाही म्हणून किंवा मुलगा होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणे, हा छळ आहे. घरखर्चास पैसे न देणे, तिचा पगार काढून घेणे, तिला नोकरी करू न देणे, तिचे दागिने परस्पर मोडणे, हाही छळ आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेस बायकोच्या बँकेचे कार्ड आपल्या खिशात घालणारा नवरा कायद्याच्या दृष्टीने त्याच रांगेत बसतो, ज्या रांगेत काठी उगारणारा बसतो. ही गोष्ट आमच्या पांढरपेशा वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

येथे एक जुना आक्षेप पुढे येतो. ‘हे सर्व परदेशी खूळ आहे, आमच्या घरांत, आमच्या संस्कृतीत असल्या कायद्यांची गरजच नव्हती,’ असे कोणी म्हणतात. राष्ट्राभिमान आम्हांसही आहे आणि तो कोणाहून उणा नाही. परंतु राष्ट्राभिमान म्हणजे राष्ट्राच्या उणिवांवर पांघरूण घालणे नव्हे. शिवाय हा आक्षेप इतिहासाच्या अज्ञानावर उभारलेला आहे. विधवांच्या पोटच्या मुलांचे आणि खुद्द त्या मातांचे प्राण वाचावेत म्हणून जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते कोणा परक्याच्या सांगण्यावरून नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पी नीतीचे वाभाडे काढले, ते अस्सल मराठीत. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले. धोंडो केशव कर्वे ह्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रमाची स्थापना केली. संकटातील स्त्रीस निवारा, शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन द्यावे, ही कल्पना ह्याच मातीत रुजली आणि वाढली. जे तिला परकी म्हणतात, ते आपल्याच आजोबांचे, किंबहुना आपल्याच आजीचे, ऋण नाकारतात.

ह्या संबंधात रखमाबाईंच्या खटल्याचे स्मरण करणे अगदी प्रस्तुत आहे. बालपणी लग्न लागलेल्या ह्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. त्यावरून नवऱ्याने 1884 साली मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद केली. पुढल्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी ती फेटाळली. परंतु अपिलात तो निकाल फिरला, आणि 1887 साली न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला की, तिने महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगावा. नको असलेल्या संसारापेक्षा तुरुंग पत्करला, असे त्या मानिनीने बाणेदारपणे कळविले! शेवटी 1888 साली तडजोड झाली, नवऱ्यास दोन हजार रुपये मिळाले आणि प्रकरण मिटले. रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. जिला संसार मोडणारी म्हणून नावे ठेवली, तिने हजारो संसार सावरले.

त्या काळी राष्ट्रीय म्हणविणाऱ्या अनेक पत्रांनी नवऱ्याचा पक्ष उचलून धरला होता, हे सर्वश्रुत आहे. सरकार परक्यांचे आहे, त्याने आमच्या घरात नाक खुपसू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्या मुद्द्यात तेव्हा काय तथ्य होते, ह्याचा काथ्याकूट आज करण्याचे कारण नाही. कारण तो मुद्दाच आता उरलेला नाही. 1947 साली परके सरकार गेले. 1950 साली आमची राज्यघटना अमलात आली. तिने स्त्रीपुरुषांस कायद्यापुढे समान केले, आणि स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा राज्यास दिली. आजचे कायदे आमच्याच प्रतिनिधींनी, आमच्याच संसदेत केलेले आहेत. मग आज ‘घरात कायदा नको’ असे म्हणणारा मनुष्य कोणत्या परसत्तेविरुद्ध झगडतो आहे? तो झगडतो आहे, तो आपल्याच स्वराज्याविरुद्ध. स्वराज्य मिळविण्यासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांत स्त्रियाही होत्या. ते स्वराज्य घराच्या उंबरठ्यापाशी येऊन थबकावे, आणि उंबरठ्याच्या आत मात्र जुलमी अंमल तसाच चालू राहावा, असा करार त्यांनी कोणाशी केला होता?

कायद्याची सध्याची स्थिती थोडक्यात सांगतो. कारण पुष्कळांस ती ठाऊक नाही, आणि ज्यांस ठाऊक असावयास हवी त्या स्त्रियांस तर मुळीच नाही. नवऱ्याने वा त्याच्या नातलगांनी केलेली क्रूरता हा गुन्हा 1983 साली भारतीय दंडसंहितेत 498-अ ह्या कलमाने घातला गेला. हुंडाबळीचे कलम 1986 साली आले. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून, ह्या तरतुदी तीत अनुक्रमे 85 व 86 आणि 80 ह्या कलमांत आहेत. हे झाले शिक्षेचे कायदे. परंतु शिक्षेने स्त्रीस निवारा मिळत नाही. ती उणीव 2005च्या कायद्याने भरून काढली. त्याखाली मॅजिस्ट्रेटास अर्ज केला असता, छळ थांबविण्याचा हुकूम मिळतो, पोटगी मिळते, मुलांचा तात्पुरता ताबा मिळतो, नुकसानभरपाई मिळते. आणि प्रसंग निकडीचा असेल तर प्रतिपक्षाची वाट न पाहता तात्पुरता हुकूमही देता येतो. संरक्षणाचा हुकूम मोडणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांस लागू आहे. आणि तो केवळ पत्नीसाठी नाही, तर एका घरात राहणाऱ्या आईसाठी, बहिणीसाठीही आहे. मात्र एक मोठे भगदाड अद्याप बुजलेले नाही. अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजोरी न्याय संहितेच्या 63व्या कलमाने बलात्काराच्या व्याख्येतून वगळली आहे. लग्नाची गाठ म्हणजे कायमची संमती, ही कल्पना रखमाबाईंच्या काळी शोभली असेल. आज ती शोभत नाही.

ह्या सर्व तरतुदींत आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे तो घरात राहण्याचा हक्क. ‘चालती हो’ हे दोन शब्द हेच आजवर नवऱ्याच्या हातातील मोठे शस्त्र होते. घर सासऱ्याच्या नावावर, भाडेपावती दिराच्या नावावर. मग सुनेचा त्यात संबंध काय, असा युक्तिवाद कोर्टात सर्रास चालत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या एका निकालाने त्यास बळकटीही आली होती. परंतु 2020 साली, सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा ह्या खटल्यात, त्याच न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरविला. घर सासऱ्याच्या मालकीचे असले, तरी जेथे सून संसार थाटून राहिली तेथून तिला कायदेशीर मार्गावाचून हुसकून लावता येत नाही, असे आता ठरून गेले आहे. तेव्हा रात्री अकरा वाजता पिशवी हाती देऊन ज्या स्त्रीस दाराबाहेर काढले जाते, तिला हे सांगावयास हवे की, बाई, ह्या घरात राहण्याचा हक्क कायद्याने तुलाही दिलेला आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस आणखी एक गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगतो. कोणी विश्वासाने तुमच्या पेढीवर ठेव ठेवली, तर ती तुम्ही आपल्या नफ्यात जमा धरता काय? ठेवीस हात लावणारा सावकार बाजारात तोंड दाखवू शकत नाही. मग सुनेच्या अंगावरचे सोने, तिच्या आईबापांनी व आप्तांनी तिला दिलेल्या वस्तू, ह्या सासूच्या कपाटात गेल्या की घराच्या मालमत्तेत जमा होतात, हा कोणत्या वहीखात्याचा नियम? स्त्रीधन हे सर्वस्वी स्त्रीचे; नवरा किंवा सासर ह्यांच्याकडे ते असले तर केवळ अमानत म्हणून असते, आणि मागितल्यावर परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच, प्रतिभा राणी ह्यांच्या खटल्यात, स्पष्ट सांगितले आहे. धंद्यात गुंतविण्यासाठी सुनेचे दागिने गहाण टाकणारा आणि मग ते विसरून जाणारा गृहस्थ बाजारात कितीही पतवान असो, न्यायाच्या दृष्टीने त्याचे दिवाळे वाजलेलेच आहे.

कायदा इतका चांगला, मग फळ का दिसत नाही? ह्याचे कारण कागद आणि कचेरी ह्यांमधील अंतर. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत पडावी, आणि अर्जाचा निकाल त्या पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही विचारा, साठ दिवसांत पुष्कळदा समन्सदेखील बजावले जात नाही. नवरा पत्त्यावर सापडत नाही. सापडला तर त्याचा वकील मुदत मागतो. मुदत संपली तर मॅजिस्ट्रेट रजेवर असतात. प्रत्येक तारखेस ती स्त्री एका दिवसाची मजुरी बुडवून, कडेवर मूल घेऊन, एसटीचे भाडे भरून येते आणि पुढची तारीख घेऊन परत जाते. तारखांवर तारखा मागून पोटगीचा अर्ज थकविणे ह्यास आमच्या व्यवसायातील काही मंडळी चातुर्य समजतात. आम्ही त्यास चातुर्य म्हणत नाही. ती छळाची पुढची पायरी आहे, फरक एवढाच की ती काळा कोट घालून चढली जाते.

संरक्षण अधिकाऱ्यांची गोष्टही अशीच. छळ झालेल्या स्त्रीचा अर्ज लिहून घेणे, तिला दवाखान्यात नेणे, निवारागृहात पोचविणे, वकील मिळवून देणे, ही कामे करण्यासाठी कायद्याने हा अधिकारी निर्माण केला. परंतु अनेक ठिकाणी ते पद दुसऱ्याच कामाच्या बोज्याखाली दबलेल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधून सरकारे मोकळी झाली. कायदा होऊन जवळजवळ वीस वर्षे लोटल्यावर, मे 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयास राज्यांना हुकूम द्यावा लागला की, जेथे असे अधिकारी नाहीत तेथे ते जिल्हा व तालुका पातळीवर नेमा आणि ह्या कायद्याची लोकांत प्रसिद्धी करा. जे काम पहिल्याच वर्षी व्हावयाचे, त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनास हातात छडी घ्यावी लागावी, ही गोष्ट कोणत्याही सरकारास भूषणावह नाही. उलट, मनावर घेतले तर काय होऊ शकते, ह्याचे उदाहरणही आमच्याच राज्यात आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या छत्राखाली, परंतु प्रशिक्षित समाजसेविकेच्या हाताने, दुःखी स्त्रीचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे, ही त्यातील कल्पना. ती इतकी उपयोगी ठरली की पुढे राज्याने ती जिल्ह्याजिल्ह्यांत आणि इतर राज्यांनी आपापल्या मुलखांत नेली.

‘परंतु खोट्या फिर्यादींचे काय?’ असा प्रश्न येथे हमखास येतो, आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाही. खोटी फिर्याद होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. दिवाणीत खोटे दस्तऐवज येतात, फौजदारीत खोटे साक्षीदार येतात. म्हणून कोणी खरेदीखताचा किंवा चोरीचा कायदा रद्द करा असे म्हणत नाही. निरपराध मनुष्यास ऊठसूट अटक होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली, अर्नेश कुमार ह्यांच्या खटल्यात, पोलिसांवर बंधने घातलेलीच आहेत. आणि ती योग्य आहेत. शिवाय 2005च्या कायद्याखाली अर्ज केल्याने कोणी तुरुंगात जात नाही. कोर्टाचा हुकूम मोडल्यासच शिक्षेची गोष्ट येते. ज्याला छळ करावयाचाच नाही, त्याला छळ करू नको ह्या हुकुमाचे भय कसले? आणि आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटीच होती, हे अनुमानही कच्चे आहे. चार भिंतींच्या आड घडलेल्या गोष्टीस साक्षीदार कोण मिळणार? किंकाळी ऐकणाऱ्या शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या, माहेरच्यांनी समेट करून घेतला, आणि पुरावा नाही म्हणून खटला पडला, तर तो दोष तिच्या सत्याचा नव्हे, आपल्या भ्याडपणाचा आहे.

समेटाविषयीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे; कारण आमच्या समाजात मध्यस्थीची हौस मोठी, आणि तीत हेतूही बहुधा चांगला असतो. मोडलेला संसार सांधला जावा, असे कोणास वाटत नाही? परंतु समेट आणि शरणागती ह्यांत फरक आहे. पंच मंडळी दिवाणखान्यात जमली, नवरा मध्ये बसला, आणि दाराआड उभ्या असलेल्या सुनेस ‘काय ग, जातेस ना परत?’ असे सर्वांदेखत विचारले, तर ती दुसरे काय सांगणार? तिचे म्हणणे प्रथम एकटीला बसवून ऐकले पाहिजे. 2006 साली ह्या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत समुपदेशकासही हेच बजावले आहे की, छळाचे समर्थन म्हणून सबबी ऐकून घेऊ नयेत, आणि पुन्हा असे करणार नाही अशी हमी प्रतिपक्षाकडून घ्यावी. ‘भाजीत मीठ नव्हते म्हणून हात उठला’ ह्यावर पंचांनी मिठाची चर्चा करावयाची नसते, हाताची करावयाची असते. जो समेट स्त्रीच्या एकटीच्या सोसण्यावर उभा आहे, तो समेट नव्हे. ती पुढल्या माराची मुदतवाढ आहे.

आता मुलीच्या आईबापांकडे वळू. छळाच्या प्रत्येक कहाणीत एक वळण असे येते की, मुलगी माहेरच्या दारात उभी असते. त्या क्षणी दार उघडते की लागते, ह्यावर पुष्कळदा तिचा जीव अवलंबून असतो. ‘लोक काय म्हणतील’ ह्या धाकाने तिला परत धाडणारा बाप पुढे तिच्या फोटोला हार घालताना रडतो. परंतु ते रडणे फार उशिराचे असते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे. पण त्या मुठीत पोटच्या मुलीचा गळा असेल, तर ती उघडलीच पाहिजे. आणि तिला ठेवून घेणे म्हणजे उपकार नव्हे. मुलींस वडिलार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने 1994 सालीच केला, आणि 2005 साली तो सर्व देशास लागू झाला. तरी आमच्या प्रतिष्ठित घरांतून आजही काय चालते? लग्नात हुंडा नाही म्हणावयाचे आणि ‘हौसेने’ लाखो उधळावयाचे. मग काही वर्षांनी मुलीस तालुक्याच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची. ‘भावाशी नाते तोडायचे आहे का?’ एवढ्या एका प्रश्नाने तिचा वाटा जातो. ज्या स्त्रीला सासरी घर नाही आणि माहेरी वाटा नाही, तिने मार खाऊन राहावे नाही तर काय करावे? हक्कसोडपत्राची आणि छळाची नाळ अशी एक आहे. मांडवावर उडविलेल्या पैशाने मुलीचे रक्षण होत नाही. सातबाऱ्यावर राहिलेल्या नावाने ते होते.

सरकारने काय करावे, हे वर आलेच. पूर्ण वेळाचे संरक्षण अधिकारी, समन्स बजावण्याची तातडीची सोय, आणि निवारागृहांस वेळेवर पैसा, ह्या तीन गोष्टी झाल्या तर अर्धे काम होईल. उरलेले अर्धे वाचकांच्या हाती आहे, आणि त्यास कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही. किंकाळी ऐकू आली तर 112 ह्या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. स्त्रियांच्या मदतीसाठी 181 हा स्वतंत्र क्रमांक आहे. छळाची खबर कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकतो, आणि सद्भावनेने खबर देणारावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे कायद्याचे चौथे कलम सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ नावाची केंद्रे 2015 सालच्या योजनेखाली उघडलेली आहेत; तेथे औषधोपचार, पोलीस, वकील आणि काही दिवसांचा निवारा ह्यांची सोय एका छताखाली व्हावी, अशी योजना आहे. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणाही स्त्रीने थांबू नये. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे.

दुकानदार, कारखानदार व पेढीवाले ह्यांस आमची वेगळी विनंती आहे. तुमच्याकडे काम करणाऱ्या स्त्रीचा पगार तिच्याच नावाच्या खात्यात जमा करा, नवऱ्याच्या हाती देऊ नका. कोर्टाच्या तारखेची रजा मागितली तर तिची मजुरी कापू नका. अंगावर वळ घेऊन ती कामास आली, तर ‘जिन्यावरून पडले’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. एखाद्या शहाण्या बाईमाणसाकडून तिची एकटीची विचारपूस करवा. मात्र तिला ‘आजच्या आज घर सोड’ असा उतावळा सल्लाही देऊ नका. घर सोडण्याची वेळ ही पुष्कळदा सर्वांत धोक्याची वेळ असते. कोठे जावयाचे, मुलांस कसे न्यावयाचे, कागदपत्रे कोणाकडे ठेवावयाची, हे आधी ठरावे लागते, आणि निर्णय अखेर तिचाच असावा लागतो. व्यापारी मंडळे, गणेशोत्सवाची मंडळे, ज्ञातींच्या संस्था ह्यांनी दर वर्षी मांडवावर आणि रोषणाईवर जो खर्च होतो, त्यातील शेकडा पाच जरी गावातील निवारागृहाकडे वळविला, तरी कित्येक स्त्रियांचे पहिले कठीण महिने निभावतील. देवीचा उत्सव नऊ रात्री करणाऱ्या समाजास, घरच्या लक्ष्मीचा विचार उरलेल्या रात्री करणे जड जाऊ नये.

ह्या लेखाने एका रात्रीत घरे सुधारतील, अशा भ्रमात आम्ही नाही. रूढी जुनी असते, आणि ती वादाने मरत नाही. ती मरते तेव्हा, जेव्हा तिच्यासाठी सबबी सांगणारे लाजू लागतात. सतीची चाल, बालविवाह, विधवांचे केशवपन, ह्यांसही एके काळी ‘घरची गोष्ट’च म्हणत असत. त्या चालींचे समर्थन करण्यास आज कोणी सभ्य मनुष्य उभा राहत नाही. बायकोस मारणाऱ्या मनुष्यास चारचौघांत बसण्याची, मंडळाचा अध्यक्ष होण्याची, लग्नाच्या पंगतीत मानाने वाढून घेण्याची लाज वाटेल, आणि त्याला तसे बसू देण्याची आपणांसही लाज वाटेल, त्या दिवशी ह्या कायद्याचे निम्मे काम कोर्टावाचून होईल. ती लाज उत्पन्न करणे हे सरकारचे काम नव्हे. ते तुमचे आमचे आहे, आणि त्यास आपल्याच आळीपासून आरंभ करता येतो.